विहीणबाईंचा डबा

मुक्ताबाईंचा निरोप इराने सगळ्यांसमोर वाजवला तेव्हा सकाळचे अकराला दहा कमी होते, आणि मुक्ताबाई स्वतः समुद्रावर कुठेतरी होत्या.

शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस असल्यामुळे दोह्यातल्या अल गराफ्याच्या घरात सगळे एकाच वेळी जागे होते. गिरीश जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. साठीनंतरच्या नोकरीच्या मुदतवाढीचं पत्र या महिन्यात यायचं होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशीही तो मेल तपासत होता. त्याचा मुलगा देवव्रत सासूला आणायला विमानतळावर निघायच्या तयारीत, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता. सून वल्लरी नऊ दिवसांच्या मुलीला खांद्यावर घेऊन पहिल्यांदाच खोलीबाहेर येऊन बसली होती. तिचे हात मोकळे नव्हते, म्हणून तिच्या फोनवर आलेला तिच्या आईचा निरोप नणंदेने, इराने लावला.

"वल्लरे, बसले गं विमानात. इथल्या पोरीनं पट्टा बांधून दिला. आता फोन बंद करायला लावतीये. लाडवांची काळजी करू नको. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, अन् खसखस चांगली अर्धा किलो घातलीये भाजून. तुला झोप लागंल, दूध बी उतरंल. तुझ्या सासूबाईंना सांग, असलं तिकडं दुकानात मिळत न्हाई."

शेवटचं वाक्य ऐकून इरा हसली. टोला आपल्या आईला आहे हे तिला कळलं होतं. हसत हसतच तिने ओट्याशी उभ्या शैलजाकडे पाहिलं आणि ती थांबली.

शैलजाने आधी गॅस बंद केला.

"अर्धा किलो," गिरीश म्हणाला, आणि त्याने लॅपटॉप मिटला.

खसखस या देशात चालत नाही. अफूच्या बोंडातलं बी ते. कायद्याच्या लेखी अमली पदार्थ. दोह्यातल्या कुठल्याही मराठी घरात हे माहीत असतं. इथे अनारसे रव्यावर थापतात, काळ्या मसाल्यात खसखशीऐवजी तीळ पडतात. कुणाच्या तरी सासूच्या बॅगेत पुडी निघाली आणि तिला आत घेऊन गेले, कुणाला पहिल्या विमानाने परत पाठवलं, कुणाच्या मुलाची नोकरी गेली, अशा गोष्टी दर दिवाळीला सांगितल्या जात. त्यातल्या किती खऱ्या हे कुणी तपासलेलं नव्हतं. तपासायची गरजही नव्हती. भीती वाटायला तेवढ्या पुरत.

आणि या गोष्टी नव्या माणसांना सांगणारी बाई शैलजाच होती. ब्याण्णव साली ती दोह्यापासून दूर, दुखानच्या तेलवस्तीत आली तेव्हा कंपनीच्या वसाहतीत मराठी बायका दोन. दुसरी सहा महिन्यांत परत गेली. शैलजा राहिली. पीठ कुठे मिळतं, वादळात खिडक्यांना ओली फडकी कशी लावायची, पोराला ताप आला तर दवाखान्यातल्या नर्सशी कुठल्या भाषेत बोलायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही. दाराखालून येणाऱ्या वाळूत तिने देवव्रतला अ-आ गिरवायला लावलं. मागून आलेल्या प्रत्येक बाईला मात्र तिने सगळं कागदावर लिहून दिलं. तो कागद पुढे टाइप झाला, मग फोनवर फिरू लागला. शैलाताईंची यादी. तिची पहिली ओळ होती: खसखस आणू नये, लाडवात, अनारशात, मसाल्यात, चिमूटभरसुद्धा नाही.

"आई, तुम्ही माईला सांगितलं होतं ना?" वल्लरीने विचारलं.

शैलजाने ओट्यावरचं फडकं उचललं आणि त्याची घडी घातली. "देवव्रतला सांगितलं होतं. कळव म्हणून."

किल्ली फिरायची थांबली. देवव्रतने आईकडे पाहिलं. हे खोटं आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

"हो," तो म्हणाला. "राहून गेलं माझ्याकडून."

"राहून गेलं? देव, पेपरवाल्याला सांगायचं राहून जातं. माझी आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलीय."

"वल्लरी, सॉरी. कामात डोक्यातून निघून गेलं."

वल्लरीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि नवऱ्याकडे पाठ केली. शैलजाच्या हातातलं फडकं घडी घालून घालून आता रुमालाएवढं झालं होतं.

खरं काय घडलं होतं ते शैलजाला तारखेनिशी आठवत होतं. वल्लरीला सातवा लागला तेव्हा मुक्ताबाईंनी सिन्नरजवळच्या गावाहून फोन केला: पहिलं बाळंतपण माहेरी, रीत आहे, लेकीला पाठवा. शैलजाने डॉक्टर, विमा, वल्लरीची रजा, सगळं सांगून पाहिलं आणि शेवटी म्हणून गेली की तुमच्या गावात साधी सोनोग्राफी करायची तर तालुक्याला जावं लागतं. मुक्ताबाई अंगणवाडीत बत्तीस वर्षं काम करून निवृत्त झाल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या वयाइतक्या बाळंतिणी मी निस्तरल्यात. बाळंतिणीला काय लागतं ते मला शिकवू नका." त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. सगळे निरोप वल्लरीच्या तोंडून जाऊ-येऊ लागले. मागच्या शुक्रवारी, मुलीच्या जन्मानंतर दोन दिवसांनी, वल्लरी म्हणाली की माई लाडू वळायला बसलीय. शैलजाच्या मनात खसखस तेव्हाच आली. तिने फोन हातात घेतलाही. मग ठेवून दिला. उद्या सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. असे सात उद्या गेले.

गिरीशने एव्हाना सूत्रं हातात घेतली होती. रिफायनरीत काही बिघडलं की तो असाच आवाज खाली आणून बोलत असे. त्याने विचारलं, व्हिजिट व्हिसाच्या कागदांवर यजमान म्हणून कुणाचं नाव आहे? देवव्रतचं. फोन नंबर? तोही देवव्रतचाच. पत्ता? या घराचा. घर कंपनीचं, म्हणजे गिरीशच्या नावावर. त्याने प्रत्येक उत्तराला मान हलवली. मग त्याने इराला तो निरोप पुसून टाकायला सांगितलं.

"व्हाय?" इरा म्हणाली. "बाबा, इट्स फूड. एअरपोर्टला फोन करा आणि सांगा ना. शी इज ॲन ओल्ड लेडी."

"आणि सांगायचं काय? की आम्हाला माहीत आहे? माहीत नसणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं, इरा." तो बायकोकडे वळला. "शैला, तू सांग तिला. बाळाचा पासपोर्ट अजून आलेला नाही. वल्लरी आणि बाळ देवव्रतच्या व्हिसावर. तू माझ्या. माझं पत्र यायचंय. या घरात आज एकही कागद असा नाही की ज्याला धक्का लागला तर चालेल."

"म्हणजे माईला एकटं सोडायचं," वल्लरी म्हणाली.

"तसं म्हणालो नाही मी. देवव्रत जाईल, बाहेर थांबेल. त्या आल्या तर घरी घेऊन येईल. नाही आल्या तर आपण वकील बघू."

'नाही आल्या तर' हे गिरीशने अगदी साध्या आवाजात म्हटलं. वल्लरी उठली. टाके ओले होते, तरी ती स्वतः जाते म्हणाली. इराने तिचीच बाजू घेतली. बाळाला मी बघते, वहिनीला जाऊ दे. देवव्रत वडिलांच्या बाजूने बोलू लागला. तसं वल्लरीने त्याला एकाच वाक्यात गप्प केलं की तुझ्या राहून जाण्यामुळे हे झालंय, तू बोलूच नको. तो आईकडे बघतही नव्हता.

"मी जाते त्याच्याबरोबर," शैलजा म्हणाली.

"तुम्ही कशाला?" वल्लरीने विचारलं. "तुमचं तर तिच्याशी बोलणंही नाही."

शैलजाने पर्स उचलली, ओळखपत्र आत आहे ना ते पाहिलं आणि चपला घातल्या.

जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली होती. दुकानांची शटर्स खाली आली होती आणि एरवी तुंबलेला रस्ता मोकळा होता. मोकळ्या रस्त्यावरही देवव्रत मर्यादेपेक्षा पाच किलोमीटर कमीच वेगाने गाडी चालवत होता. तो नेहमीच तशी चालवत असे.

तिसरा सिग्नल गेल्यावर तो म्हणाला, "मला कधी सांगितलं होतंस?"

शैलजा समोर बघत राहिली.

"मी फक्त विचारतोय. कारण घरी गेल्यावर ती मला तारीख विचारेल."

"देवव्रत, आधी त्यांना घेऊन येऊ."

"ओके," तो म्हणाला. "खलास."

त्याने एसी वाढवला. शैलजाला एकदम रबियाची आठवण झाली. रबिया कराचीची, दुखानमधली तिची शेजारीण. देवव्रतच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा गिरीश शिफ्टवर होता. रबियाच तिला कंपनीच्या गाडीत घालून ऐंशी किलोमीटरवर दोह्याच्या इस्पितळात घेऊन आली होती. वाटेभर ती शैलजाच्या मांडीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती आणि ड्रायव्हरला ओरडत होती. देवव्रत दोन वर्षांचा असताना रबियाचा नवरा एका ओळखीच्या माणसासाठी दुभाष्या म्हणून पोलीस चौकीवर गेला. त्या माणसाचं प्रकरण काय होतं ते कुणालाच नीट कळलं नाही. पण याचं नाव कागदावर आलं आणि पाच आठवड्यांत रबियाचं घर रिकामं झालं. जायच्या दिवशी शैलजा तिला भेटायला गेली नाही. पडद्याआडून तिने ट्रक भरताना पाहिला. त्या दिवसापासून तिने घरात एक नियम केला आणि तो तीस वर्षं पाळला: कुणाच्या भानगडीत पडायचं नाही.

विमान बारा वाजून आठ मिनिटांनी उतरलं. फलकावर तशी ओळ आली. देवव्रतने कठड्यापासून दूर, खांबाजवळची जागा धरली. सरकत्या दारांतून माणसं येत होती: सूट घातलेले, मुलं कडेवर घेतलेल्या बायका, आणि सुट्टीवरून परतणाऱ्या कामगारांचे घोळके, दोरीने बांधलेल्या बॅगा घेऊन. दार उघडलं की शैलजाला आतल्या कस्टम्सच्या टेबलाचा एक कोपरा दिसे, दार मिटलं की नाहीसा होई. साडेबारा वाजले तरी ती उभीच होती. पावणेएकला पाय दुखू लागले. तरी ती बसली नाही. सगळं कसं होईल हे ती मनात मोजून पाहत होती. आधी नाव पुकारतील. मग देवव्रतचा फोन वाजेल. मग ते घरी येतील, सभ्यपणे बोलतील, आणि गिरीशला पत्र येईल, पण ते मुदतवाढीचं नसेल.

बारा बावन्नला मुक्ताबाई बाहेर आल्या. अंजिरी नऊवारी, त्यावर वल्लरीने पाठवलेलं स्वेटर, पायात नवे बूट. ट्रॉली त्यांना नीट ढकलता येत नव्हती, ती सारखी डावीकडे जात होती. देवव्रत पुढे धावला आणि वाकून पाया पडला.

"तुम्ही बी आलात व्हय," मुक्ताबाई शैलजाला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थोडं नवल होतं. "पोर कुणावर गेलीय?"

शैलजाचे डोळे ट्रॉलीवर होते. एक बॅग, एक कापडी पिशवी. "लाडवांचा डबा कुठेय?"

"आल्या आल्या डब्याची चौकशी," मुक्ताबाई खूश झाल्या. "हाय की. मागून येतोय."

मग त्यांनी सांगितलं. मुंबईला बॅग पाच किलो जास्त भरली. काउंटरवरची पोरगी म्हणाली, काहीतरी काढा. डबा काढून टाकायचा म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा रांगेत मागे उभा असलेला माणूस म्हणाला, आक्का, माझी बॅग अर्धी रिकामी हाय, द्या इकडं. पोपटराव त्याचं नाव, केजकडचा, इथे शटरिंगचं सुतारकाम करतो चौदा वर्षं. चांगला माणूस. विमानात त्याने त्यांचा फॉर्मही भरून दिला. पट्ट्यावरून बॅगा घेईपर्यंत तो सोबत होता. मग कुणीतरी त्याला बाजूच्या रांगेत जायला सांगितलं.

यात कुणाला काही वावगं वाटलं नसणार हे शैलजाला कळत होतं. इथे एकटे राहणाऱ्या माणसांची ही जुनी रीत. गावाहून येणाऱ्याच्या बॅगेत चार घरांची पुडकी असतात, आणि नाही म्हणणारा माणूस वाईट ठरतो.

"म्हणजे आपल्याकडे काही नाही," देवव्रत म्हणाला. त्याच्या खांद्यांतला ताण उतरलेला दिसला. "चला माई, गाडी तिकडे आहे. वल्लरी वाट बघतेय."

"अरे, डबा येऊ दे की."

"डबा मी नंतर आणेन."

"त्या माणसाचं घर कुठं शोधशील तू?" त्यांनी बोर्डिंग पासचा तुकडा पुढे केला. मागे निळ्या पेनने नंबर लिहिला होता. "फोन लाव त्याला. माझा इथं चालंना."

देवव्रतने आईकडे पाहिलं. मग त्याने नंबर लावला. चौथ्या रिंगला कुणीतरी उचलला. देवव्रतने नाव न सांगता, डबा आणणारे तुम्हीच का, असं विचारलं. पलीकडून दबका आवाज आला, पण दार मिटल्याने गलका थांबला होता आणि शेजारी उभ्या दोघींनाही शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"आक्कांचे जावई का? साहेब, मी आत हाय, टेबलापाशी. डबा उघडायला लावलाय. एक लाडू फोडला त्यांनी. कुणाचा म्हून इचारतायत. मी आजून काय बोललो न्हाई." तो थोडा थांबला. "तुमचं नाव सांगू का?"

देवव्रतने फोन कापला. मग तो पूर्ण बंद केला आणि खिशात टाकला.

"काय झालं?" मुक्ताबाईंनी विचारलं. "लाडू का फोडला?"

"तो सांगेल काहीतरी," देवव्रत आईला म्हणाला. तो भराभर, पण हळू बोलत होता. "त्याची कंपनी बघेल त्याचं. अशा माणसांना सवय असते याची. आई, चल. आपल्याला काय करायचंय? आपण पाहुणे आहोत इथे. पाहुण्याने मान खाली घालून राहायचं."

शब्द तिचे होते. आवाजाची पट्टीसुद्धा तिचीच होती. तो आठ वर्षांचा असताना शाळेच्या बसथांब्याशी एक कामगार उन्हात कोसळला होता आणि देवव्रत आपली पाण्याची बाटली घेऊन त्याच्याकडे निघाला होता. तिने त्याचं मनगट धरून त्याला मागे ओढलं होतं, आणि घरी येईपर्यंत हीच वाक्यं त्याला म्हणून दाखवली होती. तेव्हा तो खूप रडला होता. पुन्हा कधी त्याने तसं केलं नाही. गुणी मुलगा, असं सगळी वसाहत म्हणायची.

"मला कुणी सांगंल का?" मुक्ताबाई म्हणाल्या.

शैलजाने सांगितलं. इथे खसखस अमली पदार्थ धरतात, आणायला बंदी आहे, सापडली तर पकडतात. तिने चार वाक्यांत सांगितलं. मुक्ताबाईंनी दोन्ही हातांनी ट्रॉलीचा दांडा धरला.

"मला म्हाईत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला तरी म्हाईत होतं का?"

"ती इथे येऊन वर्षच झालंय. लाडवात तुम्ही काय घालता ते तिला कुठून कळणार. मला माहीत होतं."

"मग?"

"मला आठवलंही होतं. तुम्ही लाडू वळत होतात त्याच दिवशी."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुम्हाला आधी फोन करावा लागला असता," शैलजा म्हणाली.

मुक्ताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त एखाद्या मुलाचं वजन काट्यावर कमी भरल्यावर येईल तशी काळजी होती. "अन् तो पोपटराव?" त्यांनी विचारलं. "त्याला तीन पोरी हायेत. विमानात फोटो दाखवले त्यानं."

दार उघडलं. दोन माणसं बाहेर आली, पोपटराव त्यांत नव्हता. दार मिटलं.

शैलजाने मिटलेल्या दाराकडे पाहिलं. घरी बाळ, पासपोर्ट नसलेलं. गिरीशचं पत्र. इराची नोकरी. चौतीस वर्षं एकेक वर्षाने वाढवत आणलेलं इथलं राहणं. आणि दाराआड एक टेबल, त्याच्यापाशी एक माणूस, ज्याला तिने कधी पाहिलं नव्हतं.

"देवव्रत, तू इथेच थांब," ती म्हणाली. "आत यायचं नाही. तुझं नाव कुठेही येता कामा नये. वल्लरीला फोन कर आणि सांग की मी तुला काही सांगितलं नव्हतं. तुझी चूक नव्हती, माझी होती. आधी हे सांग. बाकीचं नंतर."

"आई, डोन्ट." त्याने तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. "प्लीज. बाबांचं तरी बघ."

"बघितलं," शैलजा म्हणाली. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने, इथून आत जाता येत नाही, असं हाताने खुणावलं. शैलजा त्याच्याशी अरबीत बोलली. बाजारात आणि दवाखान्यात शिकलेली तिची अरबी मोडकी होती, पण पुरेशी होती. आत एक माणूस आहे, त्याच्याकडे माझी वस्तू आहे. पहारेकरी कुणाशी तरी वायरलेसवर बोलला. एक मिनिट गेलं. मग बाजूचं लहान दार उघडलं. शैलजा आत पाय टाकणार तोच मागून ट्रॉलीचा करकर आवाज आला.

"तुम्ही बाहेर थांबा," ती मागे न वळता म्हणाली.

"मी वळलेत लाडू," मुक्ताबाई म्हणाल्या आणि ट्रॉलीसकट आत शिरल्या.

खोली लहान होती. एक टेबल, एक काचेचं दार, भिंतीला लागून एक लोखंडी बाक. बाकावर पन्नाशीचा, केस काळे केलेला माणूस दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसला होता. दोघींना बघून तो उभा राहिला; आपण उभं राहायचं की नाही हे न कळल्यासारखा अर्धवटच उभा राहिला. टेबलावर स्टीलचा डबा उघडा होता. फोडलेल्या लाडवाचे दोन तुकडे कागदावर ठेवले होते. पांढुरके बारीक दाणे इथूनही दिसत होते.

अधिकारी तरुण होता, देवव्रतपेक्षाही लहान. त्याने सभ्यपणे इंग्रजीत विचारलं, हे कुणाचं आहे?

पोपटराव खाली बघत राहिला.

"माझं, माझं," मुक्ताबाई छातीवर बोट ठेवून म्हणाल्या. त्यांना प्रश्न कळला नव्हता, पण कशाबद्दल आहे ते कळलं होतं.

"माझं," शैलजा इंग्रजीत म्हणाली. "या बाईंनी माझ्या घरासाठी बनवलं. बाळंतपण आहे घरी. यात काय चालत नाही ते यांना माहीत नव्हतं. या माणसालाही माहीत नव्हतं, त्याने फक्त उचलून आणलं. मला माहीत होतं. मी चौतीस वर्षं इथे राहते."

"चौतीस?" अधिकारी म्हणाला. त्याने तिला नीट पाहिलं. मग हात पुढे केला. "ओळखपत्र."

तिने पर्समधून कार्ड काढलं. ते त्याच्या हातात ठेवलं. तो कार्ड घेऊन काचेच्या दारामागे गेला.

पोपटराव बाकावर सरकला. दोघी बसल्या. मग तो म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला आलात? मी सांगितलं आसतं काहीबाही."

"काय सांगितलं असतंत?"

त्याने विचार केला. "तेच की. काय सांगितलं आसतं."

"नाव सांगू का म्हणून विचारलंत तुम्ही."

"इचारायला लागतं," पोपटराव म्हणाला. "दुसऱ्याचं नाव हाय." मग काचेकडे बघत त्याने हळूच विचारलं, "कार्ड परत देत्यात ना?"

या देशात नव्याने आलेल्या किती माणसांनी तिला असे प्रश्न विचारले होते. प्रत्येकाला तिने उत्तर दिलं होतं, आणि ते बहुधा बरोबर निघालं होतं.

"माहीत नाही," शैलजा म्हणाली.

काचेमागे अधिकाऱ्याने कार्ड यंत्रावर ठेवलं. पडद्याकडे पाहिलं. दुसऱ्या, वयाने मोठ्या अधिकाऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून पडदा वाचला. वाचायला बरंच असावं. मग दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं. मोठ्याने फोन उचलला आणि आकडे दाबले.

शैलजाने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी आवळून धरली होती. मुक्ताबाईंनी ती उचलून आपल्या मांडीवर घेतली. बाळंतिणीच्या कळा बघताना बसतात तशा त्या पाय घट्ट रोवून बसल्या होत्या.

"श्वास घ्या," त्या म्हणाल्या. "नाकानं. मोजून."

शैलजाने श्वास घेतला. ती आठपर्यंत आली असेल नसेल, दार उघडलं आणि तिचं नाव पुकारलं गेलं. नुसतं शैलजा नव्हे, कार्डावर होतं तसं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

ती उभी राहिली. तिच्याबरोबर मुक्ताबाई आणि पोपटरावही उठले होते.